कोल्हनाल्यात लाकूड टाकणारा निजामुद्दीन

जऊळक्याच्या बाजारात गोजराबाई भोईण मासोळी घेऊन बसते ती रेल्वे स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. समोर थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फावर चिलापी. निजामुद्दीन मिस्त्री पिशवी झटकत तिच्यापुढे उभा राहिला, तेव्हा तिनं त्याला बसायला पोतं सरकवलं नाही. एरवी सरकवायची.

"मरळ नाई का?" त्यानं विचारलं.

"मरळ!" गोजराबाई शेजारच्या कांदेवालीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "पाय वं माय, इचारून कोन राह्यलं! निजामभाई, कोल्हनाल्यातली मरळ तुमीच हाकलली. आता मले काहून मांगता?"

"म्या हाकलली? म्या तं जिंदगीत हातात गळ धरला नाई."

"गळ नाई धरला, सब्बल तं धरली. दरसाल उन्हाळ्यात नाला झाडून काढता, नव्या सुनंनं वसरी झाडावी तसा. ना पडलेलं झाड ठेवलं, ना मूळ. मासोई काय उघड्या मैदानात राह्यते?"

"नाई काढलं लाकूड तं पुरात रपटा फुटते, बाई."

"रपटा वाचला, मासोई गेली. घ्या आता चिलापी. धरनातली आहे, तिले नाल्याची आठवन नाई."

कांदेवाली हसली. निजामुद्दीनही हसला, पण चिलापी घेऊन घरी जाताना तो नेहमीसारखा चहाच्या टपरीवर थांबला नाही.

निजामुद्दीनला सगळा पट्टा मिस्त्री म्हणतो. तो ना सुतार, ना गवंडी. त्याचं काम लाकूड हलवण्याचं. जंगल खातं सागाच्या तोडीसाठी दरवर्षी जंगलाचा एकेक तुकडा नेमून देतं, त्याला कूप म्हणतात. कुपात झाड पडलं, फांद्या छाटल्या, की तिथून खात्याच्या लाकूड डेपोपर्यंत ओंडका आणणं हे त्याचं काम. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो हेच करत आला. दोन माणसांच्या मिठीत न मावणारा ओंडका तो एक सब्बल म्हणजे लोखंडी पहार, एक साखळी आणि बैलजोडी एवढ्यावर उतारावरून असा आणायचा, की पाहणाऱ्याला वाटावं, ओंडकाच आपण होऊन चालत आला. ओंडका कोणत्या अंगावर लोळणार, कुठं अडणार, कुठं उसळी मारून माणसाच्या पायावर येणार, हे त्याला त्यावर हात ठेवल्यावर कळायचं. त्याच्या हाताखाली कधी कोणाचं बोट चिरडलं नाही. मिस्त्रीनं बांधलेलं लाकूड सुटत नाही, असं लोक म्हणायचे, आणि त्यालाही ते ऐकायला आवडायचं.

त्याच्या रस्त्याचंही एक गणित होतं. कोल्हनाला डोंगरातून निघतो, कुपांच्या कडेनं उतरतो आणि खालच्या तांड्याजवळच्या रपट्याखालून पुढं जातो. रपटा म्हणजे सिमेंटचे पाइप टाकून वर काँक्रीट ओतलेला बुटका पूल. दिवाळी झाली, नाला आटला, की त्याचं पात्र म्हणजे आयताच रस्ता. कोणाच्या शेतातून जावं लागत नाही, बांधावरून भांडण नाही, उतार डेपोकडेच. बापानं त्याच वाटेनं लाकूड ओढलं, निजामुद्दीननंही ओढलं. वाटेत पडलेलं झाड आलं की ते काढायचं, काठावरचं उघडं मूळ साखळीत अडकलं की तोडायचं. आणि पावसाळ्याआधी खात्याकडून नाला सफाईचं काम निघायचं. पुरात वाहून येणारी लाकडं रपट्याच्या पाइपांत अडकू नयेत म्हणून पात्रात पडलेलं सगळं उचलायचं. हे काम निजामुद्दीन इतक्या मनापासून करायचा, की त्याच्या सफाईनंतर नाल्यात कोणी सायकल चालवावी. रेंजर बदलले, पण प्रत्येकानं त्या सफाईचे फोटो काढून वर पाठवले.

त्या कौतुकात एका भोईणीनं बाजारात सगळ्यांसमोर खडा टाकला होता.

जंगलाच्या त्या भागावर तेव्हा मंजुषा पट्टेबहादूर ही वनरक्षक नवी आली होती. रिसोडकडची मुलगी, अकोल्याला वनशास्त्र शिकलेली. पायात बूट, पाठीला पिशवी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायची सवय. त्या उन्हाळ्यात निजामुद्दीन सफाईचं काम विचारायला जंगल खात्याच्या नाक्यावर गेला, तेव्हा ती म्हणाली, "चाचा, औंदा सफाई नाही करायची."

"काहून? पैसा नाई आला का?"

"पैसा आलाय. मीच वर लिहिलं, की फक्त रपट्याच्या तोंडापाशी करू. वरचं लाकूड पात्रातच राहू द्या."

निजामुद्दीन तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुमाले गोजराबाई भेटली काय?"

"कोण गोजराबाई?"

त्यानं बाजारातली गोष्ट सांगितली. मंजुषा आधी हसली, मग गंभीर झाली. "तुम्हाला उद्या वेळ आहे का? वर चला माझ्यासंग. चालायला जड जाईल मात्र."

"मले?" निजामुद्दीन म्हणाला. "बेटा, ह्या डोंगराले मायं वजन पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी ते नाल्याच्या पात्रातून वर चढत गेले. खालचा नाला तापलेल्या तव्यासारखा होता. पात्र सपाट, मधे खड्डा नाही की डबकं नाही. दगडगोट्यांच्या फटी मातीनं भरून पक्क्या झालेल्या. मंजुषानं एक गोटा उपटून दाखवला. खाली काळा गाळ, पोळीसारखा थापलेला. "मासे अशा फटींत अंडी घालतात, चाचा. बारके मासे इथंच लपतात. आपण साखळीनं ओंडके ओढतो, पात्र अन् काठ उकरला जातो, पहिल्या पाण्यात तो सगळा गाळ ह्या फटींत बसतो. अंड्यांना श्वास मिळत नाही."

निजामुद्दीन खाली वाकला. त्यानं गोटा तिच्या हातातून घेतला, परत होता तसा बसवला आणि पुढं निघाला.

कुपाच्या वर एक अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना खडक, तिथं बैल वळत नाही, म्हणून तिथवर कधी कोणी लाकूड ओढायला गेलं नव्हतं. घळीत एक जुनं जांभळाचं झाड मुळासकट आडवं पडलेलं होतं. त्याच्यावरून पुरांनी उडी मारून मारून खाली खोल खड्डा पाडला होता. मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी होतं. हिरवं, थंड, वर अर्जुनाच्या झाडाची सावली. निजामुद्दीन काठावर बसला. थोड्या वेळानं मुळांच्या जाळीतून एक जाडजूड काळी मरळ वर आली, तोंडानं हवा घेतली आणि पुन्हा आत गेली. मग दुसरी. तळाशी गोट्यांवर बोटाएवढ्या मुऱ्या मासोळ्या चिकटलेल्या दिसत होत्या.

तो बराच वेळ तिथून उठला नाही. त्याला जे कळलं ते कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. सबंध नाल्यात ज्या एका जागी त्याची साखळी पोचली नव्हती, तेवढ्याच जागी मासोळी उरली होती.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "म्या आतापर्यंत अशी झाडं किती काढली असतीन?"

"मला काय माहीत, चाचा."

"मलेही नाई." तो उठला, गुडघे झटकले. "पन काढली तशी टाकता बी येतीन ना?"

हा प्रश्न मंजुषानं त्याला विचारायचा ठरवला होता. त्यानंच विचारून टाकला.

परवानगी मिळवायला तिला बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. कुपातली, आगीत होरपळलेली आणि वाऱ्यानं पडलेली लाकडं नाल्यात ठिकठिकाणी टाकायची, आणि ओंडके यापुढं पात्रातून न ओढता डोंगराच्या धारेवरच्या लांबच्या वाटेनं न्यायचे, असा तिचा प्रस्ताव होता. रेंजर साहेब म्हणाले, लाकूड टाका, पण खालच्या तांड्याची हरकत नको.

आणि हरकत तिथंच होती. तांड्याचा बाबूसिंग राठोड हा बोलायला फटकळ, पण चुकीचा माणूस नव्हता. मागं एका पुरात झाडाचं खोड रपट्याच्या पाइपांत अडकलं, पाणी बाजूनं फुटलं आणि रस्ताच वाहून गेला. पंधरवडाभर तांडा तुटला होता. बाबूसिंगच्या आईला खाटेवर घालून कमरेएवढ्या पाण्यातून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तो कसा विसरेल?

तांड्याच्या पारावर बैठक झाली. मंजुषानं समजावलं, बाबूसिंगनं ऐकून घेतलं, आणि मग निजामुद्दीनकडे वळला. "मिस्त्री, तू तं शहाणा माणूस. इतके साल नाल्यातून लाकूड काढलं, आता म्हातारपणी नाल्यात लाकूड टाकून राह्यला? डोकशाले ऊन लागलं का?"

"लागलं असंन."

"हासू नको बे. लाकूड सुटलं तं रपट्यावर येईन. तवा ह्या मॅडमची बदली होऊन जाईन दुसरीकडं, आमी राहू अथीच."

निजामुद्दीन उभा राहिला. "बाबूसिंगभाऊ, लाकूड मी बांधतो. म्या बांधलेलं एक जरी लाकूड तुया रपट्याले लागलं, तं समदे लाकडं मीच काढून देतो. अन् मंग तुमी जेसीबी लावा, नाला खरडून घ्या, मी तोंड उघडणार नाई."

तांड्याला नाला खोलीकरण हवंच होतं. जेसीबीवाला वर्षभर मागं लागला होता. जेसीबी एकदा पात्रात उतरला असता तर घळीपासून रपट्यापर्यंत नाल्याचं गटार झालं असतं, आणि वरच्या त्या एका खड्ड्यातली मरळही गेली असती. हे मंजुषाला कळत होतं, निजामुद्दीनलाही. तरी शब्द दिला गेला.

"पावसाळाभर पायतो," बाबूसिंग म्हणाला. "एक लाकूड, मिस्त्री. एकच."

घरी हुस्नाबानोनं हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. "दुनिया के लोगां लकड़ी घर को लाते," ती म्हणाली, "मेरे नसीब का आदमी लकड़ी नाले में डालने चला. अन् ऊपर से जबान भी दे के आया."

"मासे के वास्ते, हुस्ना."

"मासे खाते तो बर्फवाले आप!"

बापाचा हा उद्योग पाहून मुलगा फुरकान आधी वैतागला. तो ट्रॅक्टर चालवतो आणि बैलांना मागच्या जमान्यातली चीज समजतो. पण बाप एकटा साखळी उचलून निघाला, तेव्हा तोही मागून गेला.

पहिल्यांदा जे काम झालं ते पाहायला फार सुंदर होतं. चूक तीच झाली. मंजुषानं कागदावर काढून दाखवलं होतं, की लाकूड मुळांसकट टाकायचं, फांद्या ठेवायच्या, तिरपं ठेवायचं. निजामुद्दीननं मान डोलावली आणि कामाला लागल्यावर हाताला जी सवय होती तेच केलं. कुपाचा माणूस लाकूड साफ केल्याशिवाय पुढं हलवत नाही. मुळं छाटली, फांद्या छाटल्या, साल सोलली. सरळसोट, गुळगुळीत ओंडके नाल्यात काठापासून काठापर्यंत डेपोत रचलेल्या लाकडांच्या चट्ट्यासारखे ओळीनं लावले, खुंट्या ठोकल्या, दोर आवळले.

मंजुषा आली, पाहून म्हणाली, "चाचा, मुळं कुठं गेली?"

"असं झिपरं लाकूड टाकायचं काय, मॅडम? लोक म्हंतीन, मिस्त्रीले छाटता बी येत नाई आता. बांधनी पाहा ना. हत्ती आला तरी हलत नाई."

तिनं दोनदा समजावलं. मग गप्प बसली. गुळगुळीत लाकूड बांधण्यात त्याच्या तोडीचा माणूस तिनं पाहिला नव्हता, आणि आभाळ भरत आलं होतं.

जुलैत एका सकाळी डोंगरावर जोराचा पाऊस झाला. हत्ती आला नाही, पाणी आलं. सरळ आडव्या ओंडक्यांमागं ते साचलं, वर चढलं, आणि गुळगुळीत खोड त्याच्या खांद्यावर बसून दोरातून असं निसटलं, जसा साबण मुठीतून निसटावा. निजामुद्दीन पोचला तेव्हा एका ठिकाणचे दोन्ही ओंडके जागेवर नव्हते. तो काठानं खाली धावत सुटला. मागून फुरकान "अब्बा, पाय घसरंन! अब्बा!" ओरडत होता.

पहिला ओंडका एका वळणावर काठाच्या करंजाच्या मुळांत तोंड खुपसून अडकलेला सापडला. दुसरा पार खाली, रपट्यापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या उंबराच्या उघड्या मुळांना टेकून तरंगत होता. पाणी ओसरत होतं म्हणून तो तिथं थांबला. आणि पलीकडच्या काठावर छत्री घेऊन बाबूसिंग उभा होता.

"मिस्त्री! हे कोनाचं लाकूड होय?"

पुरात डोंगरावरून कोणाचंही लाकूड येतं. सोललेला ओंडका शेतातूनही वाहून येऊ शकतो. फुरकाननं बापाच्या दंडाला हात लावला. निजामुद्दीननं तो हात बाजूला केला.

"मायंच आहे, बाबूसिंगभाऊ."

बाबूसिंगनं ओंडक्यापासून रपट्यापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग तो म्हणाला, "रपट्याले लागलं नाई. बोली रपट्याले लागायची होती."

"हौ."

"पन पुढच्या पुरात लागते. हे मलेही दिसते, तुलेही दिसते."

"मले उघडीप दे. पाऊस थांबला की परत बांधतो. नाई जमलं तं सांगीन, अन् काढून घेईन."

बाबूसिंगनं छत्री मिटली. "तुनं 'मायं नाई' म्हटलं असतं ना, तं आजच जेसीबीवाल्याले फोन लावला असता," तो म्हणाला आणि चालू लागला.

निजामुद्दीन त्या उंबरापाशी खाली बसला. फुरकानला वाटलं, बाप खचला. पण तो पाहत होता. सुटलेला ओंडका गुळगुळीत होता, म्हणून सुटला. ज्यांनी त्याला अडवलं ती करंजाची आणि उंबराची मुळं होती. वाकडी, गाठींची, पसरलेली. सगळा पूर अंगावरून गेला आणि ती जागची हलली नव्हती. उंबराचं खोड काठात, मुळांचा पंजा पाण्याकडे. पाणी जेवढं जोरानं ढकलत होतं, तेवढं ते झाड काठात अजून घट्ट बसत होतं.

संध्याकाळी तो नाक्यावर गेला. मंजुषा फॉर्म भरत बसली होती. तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, मी लाकडाचं डोकशं छाटून राह्यलो होतो, अन् धडाले म्हनत होतो, उभं राह्य."

"म्हणजे?"

"मुळं पायजेत. तुमी सांगतलं होतं. मले आयकू आलं, पन हातानं आयकलं नाई."

मंजुषानं पेन खाली ठेवलं. "मुळं पाहिजेत हे मला पुस्तकातून माहीत होतं, चाचा. पण असलं झाड पात्रात बसवायचं कसं, ते कोणत्या पुस्तकात आहे ते मला नाही माहीत. ते तुम्हीच सांगा."

ऑगस्टच्या उघडिपीत त्यांनी सगळं काम नव्यानं केलं. गुळगुळीत ओंडके बाहेर काढले. कुपाच्या कडेला वाऱ्यानं मुळासकट उपटून पडलेली झाडं होती. अर्जुन, धावडा, एक जळका मोह. ज्यांच्याकडे डेपोचा माणूस ढुंकून पाहत नाही अशी. फुरकानचा ट्रॅक्टर चिखलात काठ कापत होता, म्हणून तो वरच उभा ठेवला आणि शेजारच्या गावातून बैलजोडी आणली. फुरकाननं आयुष्यात पहिल्यांदा बैलाच्या शेपटीमागं चालून काम केलं आणि पहिल्याच दिवशी चिखलात बसला. "आता जमलं बघ," बाप म्हणाला, "आता तू खरा लाकूड ढुलाईवाला."

झाड बसवायची रीत निजामुद्दीननं त्या उंबराकडून घेतली. काठावर जिवंत झाडं जवळजवळ उभी असतील अशी जागा निवडायची. त्यांच्या मधून काठात लांब चर खणायचा. झाडाचं खोड त्या चरात, जिवंत झाडांच्या मागं अडकवून पुरायचं आणि वर दगड भरायचे. मुळांचा पंजा नाल्यात ठेवायचा, वरून येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून. पाणी पंजाला रेटणार, आणि खोड झाडांच्या बगलेत आणखी रुतणार. दोर नाही, तार नाही. धावड्याच्या दोन खुंट्या, त्याही मनाच्या समाधानासाठी.

प्रत्येक झाड टेकवताना तो त्यावर हात ठेवायचा, डोळे बारीक करायचा, आणि म्हणायचा, "अजून थोडं डाव्या अंगाले." बैल थोडे सरकायचे. "बस." मंजुषानं कितीदा तरी पाहिलं, तो बस म्हणाला त्या जागी झाड जणू आपलं वजन खाली सोडून द्यायचं. हा माणूस जन्मभर जी विद्या लाकूड बाहेर काढायला वापरत आला, तीच उलटी फिरवून लाकूड जागच्या जागी रोवत होता, आणि साठी उलटलेल्या वयात त्यासाठी चिखलात गुडघ्यांवर बसत होता. त्या पावसाळ्यात मंजुषानं आपल्या वडिलांना, ग्यानबांना, फोनवर सांगितलं, की मी नोकरी करायला आले होते, पण अथी मला एक उस्ताद भेटला.

मोठा पूर पोळ्यानंतर आला. दिवसाउजेडी, दुपारी. निजामुद्दीन घरी थांबला नाही. तो रपट्याजवळच्या काठावर जाऊन उभा राहिला. तांड्यातली माणसंही जमली. बाबूसिंग त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. नाला तांबडा झाला, रपट्याच्या वरून गेला. फांद्या आल्या, पाल्याचे ढीग आले, भोपळ्याचा वेल भोपळ्यासकट आला, कोणाच्या तरी मोटारपंपाचा निळा ड्रम आला. पाण्यात दूर काही काळं दिसलं, की निजामुद्दीन एक पाऊल पुढं सरकायचा. जवळ आल्यावर ते पोतं निघायचं, नाहीतर झुडूप.

"ते पाय," एकजण ओरडला. वळणावरून एक लांबट काळं धूड येत होतं. निजामुद्दीननं ओठ दाबले. धूड रपट्याशी आलं, उलटलं, आणि दिसलं, की ती कोणाच्या तरी गोठ्याची ताटी होती.

"मिस्त्री, श्वास घे," बाबूसिंग हळूच म्हणाला. "मरशीन अथंच, अन् मी पंचनाम्यात अडकीन."

अंधार पडायच्या आधी पाणी रपट्याखाली उतरलं. पाइप मोकळे होते. मिस्त्रीनं रोवलेलं एकही लाकूड आलं नव्हतं.

सकाळी निजामुद्दीन, फुरकान आणि मंजुषा वर गेले. झाडं जागेवर होती. एक थोडं फिरलं होतं, पण काठात अजूनच खोल रुतलं होतं. मुळांच्या पंजांत पाल्याचे, काटक्यांचे मोठाले भारे अडकले होते. जे रपट्याच्या पाइपांत गेलं असतं ते इथंच गाळून राहिलं होतं. आणि प्रत्येक झाडाच्या खाली पाण्यानं पात्र उकरून खड्डा केला होता. गाळ धुऊन गेला होता, तळाला स्वच्छ गोटे. निजामुद्दीननं सब्बल आत सोडली. ती बुडाली, त्याचं कोपर बुडालं, तरी तळ लागला नाही. तो हसायला लागला. हसतच ओल्या काठावर बसला.

महिनाभरानं गोजराबाई जाळं घेऊन वर आली. कोणी बोलावलं नव्हतं, बाजारात कुजबूज पोचली होती. ती एका झाडाखालच्या खड्ड्याशी वाकली आणि जाळं टाकायच्या ऐवजी खांद्यावर परत घेतलं. पाण्याच्या तोंडाशी लालसर ठिपक्यांचा एक गोळा हलत होता, मूठभर गुंजा कोणी पाण्यात सोडल्यासारखा. मरळीची पिल्लं. खाली सावलीत त्यांची आई दिसत होती, दगडासारखी निश्चल.

"टाक ना जाळं," निजामुद्दीन म्हणाला. "मले मरळ पायजे होती."

"लेकरवाळीले आमच्यात हात लावत नाई, निजामभाई." ती अजून पाण्याकडेच पाहत होती. "दोन सालं थांबा. मंग मीच आनून देतो. अन् तवर मी चिलापीच विकीन, तुमी चिलापीच खासान. तोंड वाकडं नका करू."

दिवाळी झाली, थंडी गेली, होळी झाली. खालचा नाला आटला, पण झाडांखालचे खड्डे आटले नाहीत. तांड्याच्या म्हशी दुपारी तिथं येऊ लागल्या. मंजुषानं काठावर करंज, जांभूळ आणि अर्जुनाची रोपं लावली. सागाचे ओंडके आता धारेवरच्या लांबच्या वाटेनं जातात. फुरकान त्यावरून रोज एकदा तरी कुरकुरतो आणि रोज जातो.

मेच्या सुरुवातीला नाल्यावर धडधड आवाज आला. बाबूसिंग स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन काठावर आला होता. मागं दोरानं बांधलेली एक भलीमोठी बाभूळ होती, वादळात त्याच्या शेतात पडलेली, मुळांना अजून काळ्या मातीची ढेकळं चिकटलेली. निजामुद्दीन आणि मंजुषा खाली रोपांना पाणी घालत होते. दोघंही उभी राहिली.

बाबूसिंगनं ट्रॅक्टर बंद केला. खाली न उतरताच म्हणाला, "मिस्त्री, रपट्याच्या वरच्या वळनावर पानी थांबत नाई. तांड्यातल्या बाया म्हंतात, एक झाड अथी बी पायजे. हे चालते का?"

निजामुद्दीन वर चढून आला. त्यानं बाभळीभोवती एक फेरी मारली, खोडावर हात ठेवला, मुळं पाहिली.

"म्हशी येतात पान्यावर, काटे रुततीन. फांद्या छाटून घे समद्या," तो म्हणाला. मग बाबूसिंगनं कुऱ्हाड उचलली तसा घाईनं त्याचा हात धरला. "मुळाले नाई लावायची बे! त्याच्याच भरवशावर तं राह्यते थे. चाल, आधी काठ दाखव, कोठी बसवायचं."